हीटरची तुटलेली तोटी

ही हकिकत सांगायचं मी आजवर टाळत आलो. बायकोला सांगावी म्हणून दोनदा सुरुवात केली आणि दोन्ही वेळा मध्येच पाणी मागून विषय बदलला. ती आता नाही. मुलांना माझ्या गॅरेजच्या दिवसांतल्या पुष्कळ गोष्टी तोंडपाठ आहेत, त्यांत ही नाही. नव्वदी जवळ आली आहे, तरी लिहायला बसलो आहे. समोर टेबलावर पितळेची एक तोटी ठेवली आहे. करंगळीएवढी लांब, आतून पोकळ, एका टोकाला सांध्याची झाळ सुटल्याची काळी कड. ती माझ्याकडे साठ-पासष्ट वर्षं आहे आणि ती कशाची, हे घरात कुणाला माहीत नाही.

पन्नासचं दशक संपत आलं होतं. मुळशीच्या तलावाच्या अलीकडे, रस्त्याला लागून एका साहेबांची जागा होती. कौलारू बंगला, मागे कोंबड्यांच्या दोन लांब शेडी, पुढे पत्र्याचं गॅरेज. साहेब लष्करातून लवकर बाहेर पडलेले. लढाईत डावा पाय घोट्यापासून निकामी झाला होता. क्लच दाबता येत नाही म्हणजे गाडी चालवणं संपलं, आणि नेमकी याच माणसाला वेगाची हौस. विलायतेला परत निघालेल्या एका गोऱ्या गृहस्थाकडून त्यांनी मुंबईत गाडी घेतली होती. गडद हिरवी, दोन दारांची, लांब बॉनेटची, दोन कार्बोरेटरची. त्या काळी पौडच्या रस्त्यावर एसटी, दगडाचे ट्रक आणि बैलगाड्या. तिच्यासारखी दुसरी नव्हती.

ज्याला चालवता येत नाही त्यानं असली गाडी का घ्यावी, असं लोक विचारत. याचं उत्तर म्हणजे दादा.

दादा साहेबांचे ड्रायव्हर. तलावापलीकडच्या डोंगरात त्यांचा धनगरवाडा; घरी मेंढरं, शेळ्या, थोडी नाचणी. लढाईत ते साहेबांच्याच तुकडीत ट्रकवर होते. साहेब डावीकडच्या सीटवर घड्याळ हातात घेऊन बसत आणि दादा पौडपासून पिरंगुटच्या घाटमाथ्यापर्यंत गाडी अशी नेत, की मागे बसलेल्याच्या पोटातलं पाणी हलत नसे. वर पोचल्यावर साहेब घड्याळ दाखवत, दादा मान हलवत. दोघं बोलत नसत, पण दोघांचा दिवस चांगला जाई. मेंढरांचा कळप दिसला की मात्र दादा गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करायचे. हॉर्न कधी वाजवायचे नाहीत. हॉर्ननं एक मेंढी बुजली की ती ज्या अंगाला उडी घेते त्याच अंगाला सगळी जातात, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक होतं. कितीही घाई असली तरी साहेब त्या वेळी घड्याळ खिशात टाकत.

मी बावीस वर्षांचा. पुण्यात मोटारदुरुस्तीचा कोर्स करून सर्टिफिकेट घेतलं होतं आणि ते चौकट करून गॅरेजच्या भिंतीला टांगलं होतं. दादा येता-जाता म्हणायचे, "मिस्त्री, सर्टिफिकीट भिजू दिऊ नका. गाडी त्याच्यावर चालतीया." मला राग यायचा, पण त्यांच्या घरची नाचणीची भाकरी ते माझ्यासाठी फडक्यात बांधून आणत, त्यामुळे राग टिकायचा नाही.

माझ्या आधीच्या मिस्त्रीला साहेबांनी काढलं होतं. त्याच्या हातून एक किमती भाग फुटला आणि त्यानं तो चिकटवून परत बसवला. पहिल्याच दिवशी साहेबांनी मला सांगितलं, "मोडलं तर येऊन सांग. लपवलंस तर दुसऱ्या दिवशी इथं दिसू नकोस." हे वाक्य किती सोपं होतं ते मला पुढे कळलं. त्या वेळी मी त्यातलं फक्त शेवटचं ऐकलं.

आता त्या हीटरबद्दल. विलायती गाडीत डॅशबोर्डखाली, साहेबांच्या पायाशी, पत्र्याची एक पेटी होती. इंजिनातलं गरम पाणी दोन होजमधून, म्हणजे रबरी नळ्यांमधून, पेटीतल्या लहानशा रेडिएटरमध्ये फिरायचं आणि त्यावरून येणारा वारा गरम होऊन गाडीत शिरायचा. ते पाणी बंद करायला नळाला असते तशी एक चावी असते. आमची चावी गंजून अर्धवट उघडी अडकली होती. त्यामुळे पेटी बारा महिने थोडीथोडी तापत असे. थंडीत साहेबांच्या दुखऱ्या पायाला ते बरं वाटायचं. चैत्र लागला की त्याच पायाची आग व्हायची. त्या वर्षी पुण्याहून परत येताना साहेब बूट काढून, पाय सीटवर घेऊन बसले होते. उतरल्यावर मला म्हणाले, "दोन्ही होज पेटीवरून काढ आणि एकमेकांना जोडून टाक. पाणी इंजिनातल्या इंजिनात फिरू दे. दिवाळीनंतर परत जोडू. पेटीला धक्का लावू नकोस."

काम अर्ध्या तासाचं. पेटीच्या दोन पितळी तोट्या इंजिनाच्या बाजूला बाहेर आलेल्या, त्यांवर होज क्लिपनं आवळलेले. एक होज निघाला. दुसरा वर्षानुवर्षं तापून तोटीला चिकटून बसला होता. दादा गाडी पुसत होते. ते वाकून म्हणाले, "वढू नका मिस्त्री. चाकूनं उभा चिरा आन् सोलून काढा. रबर गेलं तर जाऊ द्या."

मला ते पटण्यासारखं नव्हतं. परदेशी रबर त्या काळी मिळत नसे. मिळालं तर महिनाभर वाट पाहून. होजला चाकू लावणं म्हणजे अडाणीपणा, असं आमच्या कोर्सच्या मास्तरांनी सांगितलं होतं. आम्ही जुने होजही धुऊन, पावडर लावून ठेवायचो. मी दादांना म्हटलं, तुमच्या ट्रकवर चालत असेल ते. ते हसले आणि बादली घेऊन विहिरीवर गेले. मी पकडीत होज धरला आणि पिळून ओढला. कडकन आवाज झाला नाही. मऊ, भाजी खुडल्यासारखा झाला. होज हातात आला आणि त्याच्या तोंडात तोटीही आली. तिची झाळ मुळाशी सुटली होती.

साहेब बंगल्याच्या ओट्यावर पेपर वाचत होते, पन्नास पावलांवर. जाऊन सांगायचं होतं. पुण्यात कसब्यातल्या कुठल्याही तांबटानं ती तोटी चहा गार व्हायच्या आत झाळून दिली असती. मी तोटी खिशात टाकली. लोखंडी नळीचा एक तुकडा घालून दोन्ही होज जोडले, क्लिपा आवळल्या, आणि पेटीची दोन्ही तोंडं फडक्यानं झाकून वर सुतळी बांधली. विचारलंच कुणी तर धूळ जाऊ नये म्हणून.

दादा परत आले, वाकून पाहिलं. "निगाला व्हय, न चिरता?"

"निघाला."

"मग सर्टिफिकीट खरं हाय म्हनायचं तुमचं," ते म्हणाले आणि खरोखरच कौतुकानं माझ्या पाठीवर थाप मारली.

गाडी उत्तम चालली. साहेबांचा पाय गार राहिला. दिवाळीला अवकाश होता, तोवर पुण्याला जायचं काही निमित्त काढून तोटी झाळून आणू, असं मी ठरवलं होतं. दोनदा पुण्याला गेलोही. पण झाळायची म्हणजे अख्खी पेटी काढून न्यायला हवी, पेटी काढली की का काढली ते सांगायला हवं. दोन्ही वेळा तसाच परतलो.

मुळशीचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना सांगायला नको. आषाढात तो सुरू झाला की गाईगुरं, माणसं, भांडी, सगळ्यांना एकच ओलसर वास येतो. त्या वर्षी आषाढापासून गाडीची पुढची काच आतून धुरकट व्हायला लागली. दादा गळ्यातल्या उपरण्यानं ती पुसायचे. पुसलेल्या जागी दोन मिनिटांत परत धुकं. खिडकी उघडी टाकून चालवायचे, उजवा खांदा चिंब व्हायचा. चंचीतली तंबाखू ओली करून काचेवर चोळून पाहिली, त्यानं घटकाभर बरं व्हायचं. वेग गेला. साहेबांनी घड्याळ काढणं बंद केलं.

दादांना नवल वाटत होतं ते वेगळ्याच गोष्टीचं. गेल्या पावसाळ्यात असं झालं नव्हतं, त्याच्या आधीही नाही. साहेब म्हणाले, पावसात कुठल्याही गाडीची काच वाफ धरते, एसटीवाले पुसत पुसतच जातात. तेही खरंच होतं.

एका दुपारी पौडहून कोंड्याची पोती आणताना मी दादांच्या शेजारी बसलो होतो. काचेच्या तळाशी डॅशबोर्डवर दोन अरुंद फटी होत्या. त्या मी रोज पुसायचो, शोभेच्या असाव्यात असं समजत होतो. सहज हात ठेवला. गार वारा येत होता. खाली वाकून पाहिलं, तर फटींतून निघालेले दोन जाड नळे पेटीच्या पाठीत शिरले होते. मग सगळं उलगडलं. अर्धवट अडकलेल्या चावीमुळे बारा महिने गरम वारा काचेवर चढत होता, म्हणून काच कधी धुरकटली नव्हती. साहेबांना हीटर म्हणजे पायाची शेगडी एवढंच माहीत होतं. दादांनी त्या चावीला कधी हात लावला नव्हता, कारण ती फिरतच नसे. काचेचं कारण त्या घरात एकट्या मला कळलं होतं.

सांगितलं असतं तर होज परत जोडावे लागले असते आणि तुटलेली तोटी उघडी पडली असती. दादा उपरण्यानं काच पुसत होते आणि मी त्यांना, जरा जोर लावून पुसा, एवढंच म्हणालो.

श्रावणातल्या एका सकाळी साहेबांना पुण्याला जायचं होतं. मला सुटे भाग आणायचे होते म्हणून मी मागे बसलो. पौड सोडलं, घोटावड्याचा फाटा जवळ आला. पाऊस बारीक होता, त्यानंच काच जास्त धरते. दादा एका हातानं पुसत, पुढे झुकून चालवत होते. वेग बैलगाडीहून फार नसेल. वळण संपल्यावर रस्त्यावर मेंढरं होती. पाठमोरी, भिजून रस्त्याच्याच रंगाची झालेली. दादांना ती दिसली तेव्हा फार उशीर झाला होता. त्यांनी ब्रेक दाबला, गाडी घसरली. एक धप्प असा आवाज आला, मग लगेच दुसरा.

दोन मेंढ्या गेल्या. एक जागीच, दुसरी दादांच्या मांडीवर. ते चिखलात बसले होते. कळपाचा मालक म्हातारा होता, दादांच्याच भावकीतला निघाला. तो ओरडला नाही. नुसता म्हणाला, "तुला रं कसं दिसलं न्हाई? तुला?"

दादांनी मांडीवरची मेंढी उचलून रस्त्याच्या कडेला ठेवली. साहेबांनी म्हाताऱ्याला मेंढ्यांचे पैसे दिले आणि आम्ही अर्ध्यातून परत फिरलो. घरी येईपर्यंत दादांनी काच पुसली नाही. खिडकीतून डोकं बाहेर काढून, पावसात डोळे बारीक करून चालवत राहिले.

संध्याकाळी साहेबांनी आम्हा दोघांना ओट्यावर बोलावलं. रागावलेले नव्हते. दादांकडे पाहत मला विचारलं, "तू गाडी नीट तपासलीस? काच, वायपर, काही दोष आहे का गाडीत?"

खिशात हात होता आणि हाताला तोटी लागत होती. मी ती रोज बरोबर बाळगत असे, कुठे ठेवायची कळत नव्हतं म्हणून.

"गाडी ठणठणीत आहे साहेब," मी म्हणालो. एवढ्यावर थांबायला हवं होतं. पुढचं कुणी विचारलं नव्हतं. "वय होतं माणसाचं. नजर कमी होते."

साहेबांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. दादांनीही. त्यांच्या पाहण्यात संशय असता तर मी कदाचित तिथंच कोसळलो असतो. पण ते तांत्रिक बाब समजून घेत होते. माझं सर्टिफिकेट भिंतीवर होतं, मी न चिरता होज काढला होता.

"मलाबी तसंच वाटाय लागलं हुतं," दादा म्हणाले. "पाऊस गेल्या सालचाच हाय. काचबी तीच, गाडीबी तीच. मग बदाललं काय? मी बदाललो."

साहेब म्हणाले, पुण्यात डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवू, चष्मा लागला तर चष्मा घे. दादांनी मान हलवली. "डोळं दावून मेंढरं उठायची न्हाईत, साहेब. आज मेंढरू गेलं, उद्या लेकरू जाईल." त्यांनी गाडीची चावी काढून ओट्यावर ठेवली. साहेबांनी ती उचलली नाही. बराच वेळ ती तिथंच पडून होती, शेवटी मीच उचलून खिळ्याला अडकवली.

दादा पंचेचाळीस वर्षांचे होते.

पुढचं थोडक्यात सांगतो. साहेबांनी दुसरा ड्रायव्हर ठेवून पाहिला, पण त्याच्या शेजारी ते घड्याळ न काढता बसायचे. दसऱ्याच्या सुमारास मुंबईचा एक माणूस येऊन गाडी घेऊन गेला. दिवाळीनंतर होज परत जोडायची वेळ आलीच नाही. पेटीचं फडकं कुणी सोडलं नाही. माझी चोरी पचली. पुढच्या उन्हाळ्यात मी नोकरी सोडून पुण्यात एका गॅरेजात लागलो, मग स्वतःचं काढलं. मला चांगलं काम येत होतं असं लोक म्हणत. हाताखालच्या माणसांना मी पहिल्या दिवशी सांगायचो, मोडलं तर येऊन सांगा. कुणी सांगितलं तर मी कधी रागावलो नाही. त्यानं काही फिटत नाही, हे मला माहीत आहे.

सात-आठ वर्षांनी मी धनगरवाड्यावर गेलो. जायचं म्हणून तीन पावसाळे ठरवत होतो. एसटीनं तलावापर्यंत, पुढे दोन तास चढ. खिशात तोटी होती. काय बोलायचं ते चढताना पाठ केलं होतं. मला तोवर जाड चष्मा लागला होता आणि घामानं तो सारखा नाकावरून घसरत होता.

दादा अंगणात बसून एका करडाच्या कानातल्या गोचड्या काढत होते. जोंधळ्याच्या दाण्याहून बारीक गोचड्या, ते नखानं अलगद उचलून राखेत टाकत होते. मला त्यांनी पायवाटेच्या खालच्या वळणावरच ओळखलं होतं. "मिस्त्री येत्यात असं मगाच बोललो हिला," ते म्हणाले. त्यांच्या बायकोनं ताक आणून दिलं. दादा करडू सोडायला गेले तेव्हा ती हळूच म्हणाली, "सांजच्याला वढा वलांडीत न्हाईत. नातवाला कडंवर घीत न्हाईत, पडलो तर म्हनत्यात. मला तर डोळ्याला काय झाल्यालं दिसत न्हाई. पर मनानं घितलंय."

दादा परत आले. तलाव खाली पसरला होता. त्यांनी बोट केलं. "लाँच निगाली बगा. टपावर कुनाची तरी सायकल हाय."

मी चष्मा पुसून पाहिलं. मला एक पांढरा ठिपका दिसला, तोही ते म्हणाले म्हणून.

"दादा," मी म्हणालो, "मला तुम्हाला एक सांगायचं आहे. त्या दिवशी ओट्यावर साहेबांनी विचारलं तेव्हा..."

त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "ते डोक्यात ठिवून बसलाय व्हय तुमी? आवो, तुमी खरं बोललात म्हनून निभावलं. दुसरा असता तर माझ्या तोंडाकडं बगून गप बसला असता, आन् माझ्या हातनं एकादं मानूस मेलं असतं. मी हिला कायम सांगतो, मिस्त्रीचं उपकार हायेत."

त्यांची बायको मान हलवत होती. माझा हात खिशात होता. तोटी काढून अंगणात ठेवली असती आणि काचेवरचा गरम वारा या पेटीतून यायचा एवढं म्हटलं असतं तर पुरे होतं, पुढचं त्यांना सांगावं लागलं नसतं. ते माझ्याहून जास्त गाडी जाणत होते. पण तोटी ठेवली की त्यांना डोळे परत मिळणार होते आणि मधली सगळी वर्षं विनाकारण गेली हेही कळणार होतं. ज्या माणसाचे उपकार मानून त्यांनी स्टिअरिंग सोडलं होतं, तो माणूसही जाणार होता. मला त्यांची काळजी वाटली असं मी तेव्हा स्वतःला समजावलं. खरं म्हणजे मला ते उपकार हवे होते.

मी ताक संपवलं. उतरताना दादा वाड्याच्या टोकापर्यंत आले, त्याच्या पुढे ते जात नसत. तिथून ओरडून म्हणाले, "खाली तिसऱ्या वळनाला दगड सुटलाय, जपून जावा." मी गेलो तेव्हा दगड खरंच सुटलेला होता.

त्यानंतर चार-पाच वर्षांनी ते गेल्याचं पौडच्या बाजारात एकानं सांगितलं. साहेब त्याआधीच गेले होते. ज्यांना हे सांगायचं होतं त्यांतलं आता कुणी उरलं नाही, तरी डोंगर चढताना पाठ केलेलं अजून जसंच्या तसं आठवतं. ते एवढंच होतं:

दादा, हीटरची तोटी माझ्या हातून तुटली आणि मी ती लपवली. पेटी बंद होती म्हणून काच धुरकटत होती, आणि ते कळूनही मी तोटीपायी सांगितलं नाही. तुमचे डोळे चांगले होते, दादा. त्या दिवशीही चांगलेच होते. मला माफ करा.